लांबच्या सागरी सफरीचा शेवटचा आठवडा : कोलंबो ते मुंबई, आणि तेथून घरी

सिडनीहून फेब्रुवारीत निघालेले आमचे जहाज तेहतीस दिवसांनी मुंबईच्या धक्क्याला लागणार होते आणि आम्ही दोघे नेरूळचे. परतीचे विमान नाही, सामानाच्या वजनाची धाकधूक नाही, घर जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरवर; तेव्हा अशा सफरीच्या शेवटाला वेगळी तयारी कशाला हवी, असे मला मनापासून वाटत होते. प्रत्यक्षात शेवटच्या आठवड्यात कोलंबो, कोची आणि मुरगाव ही तीन बंदरे एकापाठोपाठ आली, आणि त्याच दिवसांत बिलाची तपासणी, पासपोर्ट, सीमाशुल्क, कपडे धुणे आणि बॅगा भरणे ही सगळी कामेही येऊन पडली. महिनाभर आरामखुर्चीत पहुडलेले सहप्रवासी त्या आठवड्यात रिसेप्शनच्या रांगेत ताटकळताना दिसत होते, आणि खिडकीबाहेर बंदर तसेच उभे होते. जे काम भर समुद्रात असताना होऊ शकते ते बंदराच्या दिवसासाठी शिल्लक ठेवायचे नाही, हा धडा त्यातून मिळाला. पुढील सर्व सूचना या एका नियमाभोवती बेतलेल्या आहेत.

दहा दिवस आधी एक कागद करावा

सफर संपायला दहा दिवस उरले की एका कोऱ्या कागदावर उरलेल्या प्रत्येक बंदराची एक ओळ लिहावी : वार, जहाज लागण्याची वेळ, सर्वांनी परत चढण्याची अंतिम वेळ, आणि जहाज धक्क्याला लागणार की खोल पाण्यात नांगर टाकून छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेणार, याची नोंद. ही माहिती जहाजाच्या ॲपवर असतेच, परंतु ती प्रत्येक दिवसाची वेगळी असते आणि सलग चित्र कागदावरच दिसते. वाराकडे सहसा कोणी पाहत नाही, आणि तेथेच फसगत होते. कोचीतील मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. तेथून हाकेच्या अंतरावरचे परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, शनिवारी उघडत नाही आणि शुक्रवारी दुपारनंतरही मिटते. गोव्यातील चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना चालू असतात. जहाजाचा मुक्काम बदलणे आपल्या हाती नाही, पण त्या दिवशी काय पाहायचे हे आधी ठरवणे नक्कीच आहे.

याच कागदावर घड्याळाचीही नोंद ठेवावी. पूर्वेकडून पश्चिमेकडे येताना प्रवाशाला वेळ मिळत जातो. मार्च महिन्यात सिडनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते. हे सगळे तास वाटेत एकेका रात्री जहाजाने आम्हाला परत केले, आणि अखेरचा दीड तास फुकेत व कोलंबो यांच्या दरम्यान मिळाला. कोलंबोपासून पुढे घड्याळाला हात लावावा लागत नाही, कारण श्रीलंकेची आणि आपली वेळ एकच आहे. त्याआधीच्या बंदरांत मात्र जहाजाची वेळ आणि किनाऱ्याची वेळ वेगळी असू शकते, आणि मोबाइल किनाऱ्यावरच्या टॉवरचे ऐकतो. परत चढण्याची वेळ ही नेहमी जहाजाच्या घड्याळाची असते. यासाठी मनगटावर एक साधे घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवावे. महिनाभरात आमच्या उपयोगी पडलेली सर्वांत स्वस्त वस्तू तीच होती.

हिशेब चार रात्री आधी तपासावा

जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. प्रत्येक खर्च केबिनच्या खात्यावर चढतो आणि शेवटी तो नोंदवलेल्या क्रेडिट कार्डावरून वळता होतो. अंतिम बिल शेवटच्या रात्री दाराखालून सरकवले जाते किंवा ॲपवर दिसते, आणि त्यात चूक निघाली तर सकाळी सहा वाजता रिसेप्शनपुढे शंभर माणसांची रांग लागलेली असते. म्हणून मुंबई गाठण्याच्या चार रात्री आधी, म्हणजे समुद्रातल्या एखाद्या निवांत दुपारी, तोपर्यंतचे पूर्ण बिल मागून घ्यावे आणि एकेक ओळ वाचावी. माझी सारी नोकरी लेखा विभागात गेल्याने हे काम मी आनंदाने केले, आणि एकाच तारखेला, एकाच रकमेची, धुलाईची दोन बिले सापडली. आम्ही त्या दिवशी एकच पिशवी दिली होती. काउंटरवरील मुलीने शेजारच्या केबिनची पावती चुकून आमच्या खात्यावर चढल्याचे पाच मिनिटांत शोधले आणि ती रक्कम वजा केली. हेच शेवटच्या सकाळी झाले असते, तर बहुधा मी नाद सोडला असता.

बिल वाचताना काही गोष्टींकडे मुद्दाम लक्ष द्यावे. सेवकवर्गाची बक्षिसी बहुतेक कंपन्या दररोज माणशी ठरावीक रकमेने आपोआप लावतात. ती तिकिटाच्या वेळीच भरलेली असेल तर पुन्हा लागली नाही ना, हे पाहावे. कंपनीने किंवा एजंटने खर्चासाठी दिलेली जमा रक्कम उरली असेल, तर ती सहसा परत मिळत नाही, म्हणून ती धुलाई किंवा शेवटच्या एखाद्या चांगल्या जेवणासाठी वापरून टाकावी. जहाजावरील डॉक्टरांकडे जावे लागले असेल, तर तपशीलवार बिल आणि निदानाचा कागद सही-शिक्क्यानिशी जहाजावरच घ्यावा. प्रवास विम्याच्या दाव्यासाठी तो नंतर ईमेलने मागवत बसणे महिन्याचे काम होते. कार्डावर पैसे रुपयांत आकारू का, असे विचारले गेल्यास नाही म्हणावे आणि जहाजाच्या चलनातच आकारणी होऊ द्यावी, कारण रुपयांतला तो दर व्यापाऱ्याच्या बाजूचा असतो आणि त्याचा भुर्दंड आपल्याला पडतो.

आपोआप लागणाऱ्या बक्षिसीखेरीज केबिन आवरणाऱ्याला व जेवण वाढणाऱ्याला हातात पाकीट द्यायचे असेल, तर ते शेवटच्या आदल्या दिवशी द्यावे. शेवटच्या दिवशी ही मंडळी बॅगा वाहण्यात आणि नव्या प्रवाशांसाठी खोल्या तयार करण्यात इतकी गुंतलेली असतात की भेटच होत नाही. पुढच्या वर्षीच्या सफरीवर सवलत देणारे टेबलही याच दिवसांत फार आग्रही होते. सफर संपत आल्याची हुरहुर असताना तेथे कार्ड काढू नये, एवढेच माझे मत.

पासपोर्ट, लस आणि सीमाशुल्क

लांबच्या सफरीत पासपोर्ट बहुधा जहाजाच्या ताब्यात असतात. ते कधी आणि कोठे परत मिळणार, हे कोलंबोच्या आधी विचारून ठेवावे. भारतीय प्रवाशांचा एक गोड गैरसमज असतो, आणि तो आमचाही होता, की आपले इमिग्रेशन मुंबईत होईल. आमच्या जहाजाचे पहिले भारतीय बंदर कोची होते, त्यामुळे पासपोर्टवर शिक्का तेथेच पडला, आणि त्यासाठी सर्वांना ठरलेल्या वेळी समक्ष हजर राहावे लागले. पहिल्या भारतीय बंदरातील सकाळचे दीड-दोन तास या कामात जातील, असे धरूनच तेथील बेत आखावा.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, म्हणजे मोम्बासासारख्या बंदरावरून, मुंबईस येणाऱ्यांनी पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचे प्रमाणपत्र हाताशी ठेवावे. पीतज्वराचा धोका असलेल्या देशाच्या बंदरास मागील तीस दिवसांत लागलेल्या जहाजावरील प्रवाशांकडे भारतात हे प्रमाणपत्र मागितले जाते, आणि नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरले जाते, त्यामुळे लशीच्या नोंदीचे जुने पिवळे पुस्तक कपाटात असेल तर निघतानाच ते पासपोर्टला जोडून ठेवावे.

सीमाशुल्काच्या बाबतीत विमानप्रवास आणि जहाजप्रवास यांत मोठा फरक नाही. माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्कमुक्त आणता येते. इतर वस्तूंची मूल्यमर्यादा अधूनमधून बदलत असल्याने निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर ती पाहून टिपून घ्यावी आणि खरेदीच्या पावत्या एका पाकिटात ठेवाव्यात. सोन्याच्या दागिन्यांची पुरुषांना वीस ग्रॅम आणि स्त्रियांना चाळीस ग्रॅमची जी सवलत सर्वांच्या तोंडी असते, ती एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. महिनाभराच्या सफरीला ती लागू होत नाही. ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून बंदी आहे, आणि परदेशातून ड्रोन आणता येत नाही. शंख-शिंपले व पोवळी यांच्या मोहात मुळीच पडू नये : पोवळ्यांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि श्रीलंकेतूनही ती बाहेर नेता येत नाहीत. रोपे, बिया आणि जहाजाच्या न्याहारीतून उचललेली फळे घेऊन किनाऱ्यावर उतरू नये. सफरचंद पिशवीत राहून गेल्याने अडवली गेलेली दोन माणसे मी ऑस्ट्रेलियातच पाहिली होती.

कोलंबो : जवळचेच पाहावे

कोलंबोच्या मुक्कामात बहुतेक जण कँडी किंवा गाल या गावांचा बेत करतात. कँडी सुमारे ११५ किलोमीटरवर आहे आणि घाटरस्त्याने जाऊन-येऊन सहा-सात तास सहज जातात. दुपारी साडेतीनला परत चढायचे असेल तर तेथे बुद्धाच्या दंतमंदिराच्या दाराला शिवून परतावे लागेल. गालचा डच किल्ला १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि द्रुतगती मार्गामुळे दोन तासांत गाठता येतो, परंतु तेथे जायचेच असेल तर जहाजाच्या अधिकृत सहलीतून जावे. अधिकृत सहलीची बस अडकली तर जहाज तिची वाट पाहते किंवा प्रवाशांना पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतः केलेली गाडी अडकली, तर जहाज निघून जाते. सफरीच्या पहिल्या आठवड्यात अशी चूक झाली तर विमानाने पुढे गाठता येते. शेवटच्या आठवड्यात पुढची बंदरे इतकी लागोपाठ असतात की सगळाच बेत ढासळतो.

आम्ही बंदराच्या फाटकापासून तीन-चार किलोमीटरच्या आतच राहिलो. पेट्टा बाजारातील लाल-पांढऱ्या पट्ट्यांची जामी उल अल्फार मशीद, फोर्ट भागातील जुने डच रुग्णालय, जेथे आता खानावळी आहेत, आणि संध्याकाळी पतंग उडवणाऱ्यांनी भरणारे पण सकाळी निवांत असणारे गॉल फेस मैदान, एवढे पाहून दोन वाजता आम्ही परत आलो होतो. पेट्टा म्हणजे आपली मशीद बंदर आणि लोहार चाळ एकत्र केल्यासारखा भाग आहे, त्यामुळे मुंबईकराला तेथे हरवल्यासारखे वाटत नाही. भारतीय पासपोर्टधारकांनी उतरण्यासाठी लागणारी ऑनलाइन प्रवास-परवानगी आधीच काढलेली असावी. बंदरात धावपळ करू नये.

खरेदी करायची तर ती येथेच करावी, कारण पुढची दोन बंदरे आपल्याच देशातील आहेत. चहाच्या डब्यावर हातात तलवार घेतलेल्या सिंहाचे चिन्ह पाहावे. ते श्रीलंका चहा मंडळाचे असून चहा पूर्णपणे श्रीलंकेतलाच आणि तेथेच बांधलेला असल्याची खूण आहे. दालचिनी घेताना कांडी हातात धरून कडेने पाहावी. अस्सल सिलोन दालचिनी पातळ सालींच्या अनेक थरांची, सिगारसारखी गुंडाळलेली आणि चिमटीत चुरगळणारी असते. जाड, कडक, एकाच सालीची पोकळ नळी दिसली तर तो कॅसिया, म्हणजे आपल्या वाण्याकडे मिळतो तोच प्रकार.

कोची : डेकवर उभे राहून सुरू होणारे बंदर

या सफरीतील बंदरांपैकी एकच पुन्हा पाहायला मिळणार असेल, तर मी कोची निवडेन, आणि त्याचे कारण गावापेक्षा गावात शिरण्याची वाट हे आहे. जहाज बंदरात शिरते ते एका अरुंद मुखातून, ज्याच्या एका अंगाला फोर्ट कोची आणि दुसऱ्या अंगाला वायपीन बेट असते. दोन्ही तीर इतके जवळ येतात की उंच डेकवरून मासेमारीची चिनी जाळी ओढणारी माणसे, त्यांच्या दोरीला टांगलेले दगडांचे वजन आणि पाण्यावर आडवी झेपावलेली लाकडी चौकट स्पष्ट दिसते. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी तिकडे हात केला, आणि जाळ्यावरच्या माणसानेही हात केला. प्रवेशाची वेळ आदल्या संध्याकाळी जहाजाच्या पत्रकात दिलेली असते. त्याआधी अर्धा तास उघड्या डेकवर जागा धरावी आणि त्या दिवशीची न्याहारी खुशाल चुकवावी. जहाज निघतानाही हेच दृश्य पुन्हा मिळते, तेव्हा प्रकाश पश्चिमेचा असल्याने फोटोंसाठी ती वेळ वेगळी. नौदलाच्या जहाजांचे व धक्क्यांचे फोटो मात्र काढू नयेत. दक्षिण नौदल कमांडचे मुख्यालय येथेच आहे.

जहाज लागते ते विलिंग्डन बेटावर. बंदर खोल करताना उपसलेल्या मातीतून हे बेट उभे राहिले आणि ते काम अभियंता रॉबर्ट ब्रिस्टो यांच्या देखरेखीखाली झाले. इमिग्रेशन उरकून बाहेर पडल्यावर टॅक्सीने फोर्ट कोची गाठता येते, परंतु वेळ असेल तर निदान एक फेरी पाण्यातून करावी. २०२३ मध्ये सुरू झालेल्या वॉटर मेट्रोच्या विजेवर चालणाऱ्या, वातानुकूलित बोटी फोर्ट कोचीला लागतात, आणि तिकीट आपल्या मेट्रोसारखेच किरकोळ असते.

बघण्याचा क्रम मी असा सुचवेन : आधी मट्टनचेरी, कारण तेथील अरुंद गल्ल्या दुपारी तापतात, नंतर फोर्ट कोची, जेथे झाडांची सावली आहे. परदेशी सिनेगॉग १५६८ सालचे आहे आणि त्याच्या जमिनीवरील निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या हाताने रंगवलेल्या आहेत. तेथे खांदे व गुडघे झाकणारे कपडे लागतात. फोर्ट कोचीतील सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ मध्ये पुरले गेले आणि १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले गेले. रिकाम्या जागेची चौकट अजून दाखवली जाते. त्यानंतरचा आमचा मुक्काम ज्या बंदरात होता त्या गावाचे नाव वास्कोच आहे, ही गोष्ट त्या चर्चमध्ये उभे असताना आमच्या लक्षात आली आणि प्रवासाला उगाचच एक धागा मिळाल्यासारखे वाटले.

कोचीत आणखी एक काम उरकावे, आणि ते भारतीयांनाच करता येते. महिनाभर मोबाइल विमान-मोडवर ठेवलेला असतो, आणि तो समुद्रात तसाच ठेवावा, कारण जहाजावरचे उपग्रहाद्वारे चालणारे नेटवर्क चुकून जोडले गेले तरी बिल भरमसाट येते. कोचीत आपले सिम घरच्यासारखे चालू होते, रोमिंगचा प्रश्न उरत नाही. तेथूनच मुंबईतील गाडी ठरवावी, शेजाऱ्यांना कळवावे, आणि दूधवाल्याला अमुक तारखेपासून अर्धा लिटर सुरू कर म्हणून सांगावे. माझ्या पतींनी हा फोन चिनी जाळ्यांच्या कट्ट्यावर उभे राहून केला.

मुरगाव : थोडक्यात

गोवा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो, तेव्हा जहाजाच्या मुक्कामात तो पुन्हा पिंजून काढण्याचा हट्ट धरू नये. मुरगाव बंदरापासून जुने गोवे साधारण तीस किलोमीटरवर आहे. १६०५ मध्ये पूर्ण झालेले बॉम जीझस बॅसिलिका आणि समोरचे से कॅथेड्रल पाहून, वाट वाकडी करून मंगेशी किंवा म्हार्दोळला देवदर्शन घेता येते, आणि दुपारचे जेवण जहाजाऐवजी बाहेर मासळीच्या थाळीचे करावे. ॲपवरच्या नेहमीच्या टॅक्सी गोव्यात मिळत नाहीत, म्हणून बंदराच्या फाटकाशी दर ठरवून आणि परतीची वेळ सांगूनच गाडी करावी. ज्यांना लांब जायचे नाही त्यांनी बोगमाळोच्या रस्त्यावरील नौदल हवाई संग्रहालय पाहावे. ते सोमवारी बंद असते.

या बंदरातील सर्वांत सुंदर दृश्य मला धक्क्यावरच दिसले. जहाजांवर काम करणारी पुष्कळ माणसे गोव्याची असतात. आम्हाला महिनाभर जेवण वाढणारा मुलगा सासष्टीचा होता, त्याला दोन तासांची सुटी मिळाली होती, आणि फाटकाबाहेर त्याची आई एका वर्षाच्या नातवाला कडेवर घेऊन उभी होती. बापाला त्या पोराने बहुधा पहिल्यांदाच पाहिले असावे, कारण त्याने जोरात भोकाड पसरले. मुरगावच्या दिवशी आपल्या केबिनची घंटा शक्यतो वाजवू नये.

शेवटची रात्र : बॅगा

मुरगाव ते मुंबई हे अंतर सुमारे २३० सागरी मैल, म्हणजे एका रात्रीचे आहे, आणि याच रात्री मोठ्या बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्यासाठी एक-दोन दिवस आधी रंगीत पट्ट्या मिळतात. रंगावरून उतरण्याचा गट आणि वेळ ठरते. घर जवळ आहे म्हणून घाईचा गट मागू नये, असे मी अनुभवावरून सांगेन. पहिल्या गटाला बॅगांच्या ढिगाऱ्यात उभे राहावे लागते, चौथ्याला बॅग समोर दिसते. धुलाईची सेवा शेवटच्या एक-दोन दिवसांत बंद होत असल्याने कपडे त्याआधीच धुऊन घ्यावेत, आणि जुन्या पट्ट्या काढून टाकून बॅगेच्या आतही नाव व फोन नंबर लिहिलेला कागद ठेवावा.

त्या रात्री अकरा वाजता आमच्या मजल्यावरची बोळ मे महिन्यात कोकणात जाणारी गाडी लागण्याआधीच्या फलाटासारखी दिसत होती. बॅगा एकदा गेल्या की सकाळी धक्क्यावरच भेटतात. त्यामुळे हातातल्या पिशवीत पासपोर्ट, औषधे, चष्मा, चार्जर, सकाळचे कपडे, पावत्यांचे पाकीट आणि मौल्यवान वस्तू असाव्यात. माझ्या यादीत हे सगळे होते. नव्हती ती घराची किल्ली. ती मोठ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात, सिडनीपासून नीट बांधलेल्या रुमालात होती, आणि रात्री एक वाजता मला ते आठवले. बॅग मिळेपर्यंतची सकाळ माझी त्या रुमालाच्या चिंतेत गेली. शेवटी तिजोरी, बाथरूमच्या दारामागची खुंटी आणि पलंगाखालची जागा एकदा विजेरी लावून पाहावी.

पहाट : कोणत्या बाजूला उभे राहावे

पहाटे पाचला उठावे. रात्री झोपेत विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग मागे पडलेले असतात. मुंबईत दक्षिणेकडून शिरताना उजव्या हाताला खांदेरी येते, १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला आणि इंग्रज-सिद्दी दोघांच्या नाकावर टिच्चून पुरा केलेला जलदुर्ग. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी तो एक आहे, आणि त्याच्या दीपगृहाचा प्रकाश अंधार असेपर्यंत ओळखता येतो. त्यानंतर डाव्या बाजूला जावे : कुलाब्याच्या टोकापलीकडचे प्राँग्स दीपगृह, मग हळूहळू उजळणारी कुलाब्याची किनार, ताजमहाल हॉटेलचा घुमट आणि गेटवे. गेटवेवरून घारापुरीच्या बोटीत बसून जहाजांकडे शेकडो वेळा पाहिलेले असते. जहाजावरून गेटवेकडे पाहताना तो विलक्षण लहान वाटतो. पुढे घारापुरी, तेलाच्या टाक्यांचे जवाहर द्वीप आणि हवा स्वच्छ असेल तर अटल सेतूची लांब रेघ दिसते. त्या रेघेच्या टोकाशी आपले घर आहे, हे एका ब्रिटिश बाईंना सांगताना मला जरा जास्तच अभिमान वाटला.

धक्क्यापासून नेरूळ, ठाणे

उतरताना केबिनचे कार्ड शेवटचे स्कॅन होते, बॅगा घ्यायच्या, सीमाशुल्काच्या हिरव्या किंवा लाल मार्गाने बाहेर पडायचे. गाडी ठरवताना एक गोष्ट विसरू नये : ॲपवरून येणाऱ्या छोट्या टॅक्सींच्या डिकीत सीएनजीची टाकी असते आणि दोन मोठ्या बॅगा तेथे मावत नाहीत. सहा-सात आसनी गाडीच सांगावी, आणि चालकाला जहाज लागण्याच्या नव्हे तर आपला गट उतरण्याच्या वेळेनंतर तासाभराने बोलवावे. जहाज लागते त्या बॅलार्ड पिअरवरून पी. डी'मेलो मार्गाने ऑरेंज गेटला पूर्व मुक्त मार्ग लागतो. वाशी, सानपाडा किंवा ठाणे गाठायचे तर त्याच मार्गाने चेंबूरपर्यंत जावे. तेथून ठाणेकरांनी पूर्व द्रुतगती महामार्ग धरावा. उलवे, बेलापूर, खारघर, पनवेलच्या लोकांना शिवडीहून अटल सेतू सोयीचा, त्याचा मोटारीचा एका वेळचा टोल २५० रुपये आहे. सामान कमी असेल तर सीएसएमटीवरून हार्बर लोकलही वाईट नाही, कारण सकाळी गर्दी उलट दिशेने येत असते.

ज्यांची सफर सिंगापूरला संपते, त्यांनी परतीचे विमान दुपारनंतरचेच घ्यावे आणि उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत तेथील ऑनलाइन आगमन-अर्ज भरावा. प्रवास विम्याची मुदत मात्र सर्वांनीच सफर संपण्याच्या तारखेनंतर निदान एक-दोन दिवस अधिक ठेवावी.

घरी आल्यावर

क्रेडिट कार्डावर रोखून धरलेल्या रकमा सुटायला काही दिवस लागतात, म्हणून जहाजाचे अंतिम बिल पुढची दोन विवरणपत्रे येईपर्यंत टाकू नये. सफर भारतातील एजंटकडून घेतली असेल तर तिच्यावर गोळा केलेला टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतलेला कर, प्राप्तिकर खात्याकडील आपल्या वार्षिक कर-नोंदीत दिसतो आणि प्राप्तिकर विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो. एजंटकडून त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

महिनाभर डेकवर वावरल्यानंतर जमीन डुलल्यासारखी वाटते, विशेषतः डोळे मिटून अंघोळ करताना आणि जिना उतरताना. हे बहुतेकांचे दोन-तीन दिवसांत जाते. त्याहून लांबले किंवा तोल जाऊ लागला तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावे. तोवर साठीच्या पुढच्यांनी जिन्याचा कठडा धरावा आणि स्टुलावर चढून माळ्यावर बॅगा ठेवण्याचे काम पुढच्या रविवारवर ढकलावे. आमच्या बॅगा आठवडाभर बाल्कनीत उघड्या होत्या, आणि त्यांतून दालचिनीचा वास येत होता.